आखूड टेकूने पाहिलेली मैफल

मित्रांनो, तुम्ही कधी मोठा पियानो पाहिला असेल, तर त्याचे पंखासारखे उघडलेले काळे झाकण नक्की लक्षात राहिले असेल. ते झाकण ज्याच्या आधारावर उभे असते, त्याच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. मी तोच आहे. मी एक जुना टेकू आहे, आणि तोही आखूड.

आमच्या पियानोला दोन टेकू आहेत. थोरला चांगला लांबलचक आहे. तो उभा राहिला की झाकण पार वर जाते आणि पियानोचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत धो धो पोचतो. मी त्याच्या निम्म्याहूनही कमी भरेन. माझ्यावर झाकण टेकवले तर ते जेमतेम हातभर उघडते. कारखान्यात थोरल्यासाठी सरळ, बिनगाठीचे लाकूड निवडून घेतले होते. त्याला कापून जो तुकडा उरला, त्यातून मी झालो. सुताराने माझ्या टोकाला चामड्याची चकती चिकटवली, काळे पॉलिश चढवले आणि आम्हा दोघांना पियानोच्या उजव्या कडेला आतल्या बाजूने बसवून टाकले. तेव्हापासून आम्ही शेजारी आहोत. फोटो काढायला कोणी आले की थोरल्यालाच उभे करतात. भाव खाण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

पण मित्रांनो, माझेही एक काम आहे आणि ते त्याला जमत नाही. पियानो एकटाच वाजणार असेल तेव्हा थोरला ठीक. त्याच्याबरोबर व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशी गजाने वाजणारी वाद्ये बसली, की पंचाईत होते. पियानोच्या पोटात दोनशेहून जास्त तारा, आणि या बिचाऱ्यांना चार-चार. झाकण सताड उघडे ठेवले तर पियानो बाकीच्यांना गिळून टाकील. म्हणून अशा मैफलीत झाकण माझ्यावर टेकवतात. ज्याचा आवाज मोठा त्याने तो आवरता घ्यायचा, अशी या मंडळींची जुनी रीत आहे. मला ती रीत फार आवडते, कारण तिच्यावरच माझे पोट आहे.

आमचा पियानो एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात राहतो. लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी छत्र्या ठेवायची पत्र्याची बादली, मग दुहेरी दार आणि आत खुर्च्यांच्या रांगा. व्यासपीठ बुटके आहे, वर चढायला एकच पायरी. खाली कोणी पुस्तकांची गाडी ढकलली की तिची खडखड वर येते. दुपारी खिडकीतून ऊन आत येते आणि पियानोवरची धूळ उघडी पाडते.

या पियानोवर ताई वाजवत. ताई उंच, ताठ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलणे फटकळ, पण बोट पट्टीवर पडले की त्याच का त्या, असा प्रश्न पडावा इतके हलके. त्यांचे धाकटे भाऊ व्हायोलिन वाजवत. त्यांना सगळे भाऊच म्हणत. एकट्या ताई त्यांना बंड्या म्हणत, अगदी चार परक्या माणसांसमोरसुद्धा, आणि केस पिकलेले भाऊ ते निमूट ऐकून घेत. भाऊंच्या पत्नी, म्हणजे वहिनी, व्हायोला वाजवत. "व्हायोला वाजतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. थांबला की सगळ्यांना चुकल्यासारखं होतं. घरातही माझं तेच आहे," असे त्या म्हणत. भाऊंची मुलगी चेलो वाजवी. ती आता स्वतः शिकवण्या घेई, पण घरात पडलेले छोटी हे नाव काही सुटले नव्हते.

हे चौघे तालमीला आले की सभागृहाचे घर होऊन जाई. कोणाची थर्मासची झाकणे, कोणाचे हातमोजे, व्हायोलिनच्या पेटीतून सांडलेली राळेची पांढरी भुकटी. झाकण उघडायचे काम ताई कोणालाही करू देत नसत. एका हाताने झाकण तोलून धरत, दुसऱ्या हाताने मला उभे करत आणि झाकण माझ्यावर असे टेकवत की आवाजही होऊ नये. मग भाऊ गज वर घेत आणि श्वास आत ओढत. तो श्वास चौघांचा एकच असे. कोणी एक-दोन-तीन मोजत नसे, मान हलवत नसे, आणि तरी चौघे एकदम सुरू होत. इतक्या वर्षांत मला त्याचे नवल वाटायचे थांबले नाही.

एका मैफलीनंतर एक वृद्ध श्रोते व्यासपीठापाशी आले. ते ताईंना म्हणाले, "एवढा अगडबंब पियानो, पण व्हायोलिनचा एक सूर त्याच्याखाली गेला नाही. कसं जमवता हो?"

ताईंनी मला बोटाने टकटक केले. "हा आहे ना. हा मला आवरून धरतो."

मित्रांनो, ते ऐकून मला काय वाटले असेल याची कल्पना करा. थोरला त्या दिवशी आत पडून होता आणि त्याने एक अक्षर काढले नाही.

मग भाऊंचा उजवा खांदा धरला. थंडीचे दिवस होते. डॉक्टर झाले, शेक झाला, भिंतीला हात लावून करायचे व्यायाम झाले. खांदा सुटला, पण पुरता नाही. गज पूर्वीसारखा मोकळा फिरेना. त्यांचा सूर किंचित बारीक झाला होता. फार नाही, पण ज्याचा सूर असतो त्याला ते आधी कळते. एका तालमीत वहिनी आणि छोटी सामान आवरत होत्या तेव्हा त्यांनी पियानोजवळ येऊन हळूच विचारले, "ताई, माझा आवाज कमी झालाय का गं? खरं सांग."

ताईंनी चष्मा नाकावर चढवला. "छे रे. चांगलं वाजतंय की," असे म्हणताना त्या समोरच्या कागदांकडे बघत होत्या.

भाऊंनी व्हायोलिन पेटीत ठेवले. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

पुढच्या तालमीला ताईंनी मला उभेच केले नाही. झाकण थोडेसे उचलून त्यांनी फटीत एक जाडजूड पुस्तक आडवे सरकवले आणि झाकण त्यावर ठेवून दिले. "आज जरा खाली असू दे," म्हणाल्या. त्यानंतरच्या तालमीला पुस्तकही गेले. झाकण पूर्ण बंद.

भाऊंनी विचारले, "हे काय? बंद का?"

"असंच बरं वाटतंय."

"आजवर तर कधी वाटलं नाही."

"आता वाटतंय. चल, सुरुवात कर."

मित्रांनो, माझी काय गत झाली ते सांगतो. मी आत काळोखात, थोरल्याच्या शेजारी आडवा. वर तालीम चालू, आणि मला ती कंपनांनी, कानावर येणाऱ्या बोलण्याने आणि झाकणाच्या फटीतून दिसेल तेवढीच कळे. मी फार मनाला लावून घेतले. इतकी वर्षे इमानाने उभा राहिलो आणि माझ्या जागी एक पुस्तक, आणि मग तेही नको. थोरला गालातल्या गालात हसत असणार अशी माझी खात्री होती. माझ्याच टोकाचे चामडे झिजले असेल, माझ्यात काही खोट निघाली असेल, असे किती तर्क मी केले.

भाऊही तर्कच करत होते. एका दुपारी ते आणि वहिनी लवकर आले. भाऊ व्यासपीठाच्या कडेवर बसून गजाला राळ लावत होते. लावून झाली तरी लावतच होते.

"ती माझ्यासाठी झाकण मिटते," ते म्हणाले. "माझा आवाज आता पोचत नाही ना, म्हणून. माझी कीव करते आहे."

वहिनी म्हणाल्या, "असं तुम्हाला वाटतं. विचारा ना सरळ."

"विचारायचं काय त्यात? डोळ्यांना दिसतंय ते."

"दिसतंय झाकण. त्यामागचं कुठे दिसतंय?"

"तू मध्ये पडू नकोस," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा राळ लावू लागले.

वाजवणाऱ्या माणसाला कोणी वाईट म्हटले तर तो सोसतो, मित्रांनो. कोणी सांभाळून घेतले तर ते त्याला सोसत नाही. भाऊंचा तोच पीळ होता. त्या दिवसापासून ते गज दाबून वाजवू लागले. सूर मोठा झाला, पण खरखरीत झाला. वहिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ताईंनी मात्र एका शब्दाने टोकले नाही. पूर्वी अशी खरखर त्यांनी क्षणभर चालू दिली नसती. त्यांचे ते गप्प राहणेही भाऊंनी कीव म्हणूनच धरले.

खरे काय होते ते मला त्यानंतर कळले. ताई अधूनमधून दुपारी एकट्याच येऊ लागल्या होत्या. त्यातल्या पहिल्या दुपारी त्यांनी दार लोटून घेतले, झाकण उघडले आणि मला उभे केले. मी मनात हरखलो. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी पियानोच्या उजव्या टोकाची, सर्वांत बारीक सुराची पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग तिच्या अलीकडची, मग तिच्या अलीकडची. प्रत्येक सूर चोख होता, मला तो अंगभर जाणवत होता. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र त्याची काही खूण उमटत नव्हती. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि झाकणाखाली डोके घालून कान तारांपाशी नेला. एक हात लांब करून पट्टी दाबली. मग दुसऱ्या हाताने मला धरले आणि पुन्हा दाबली. तेव्हा त्यांच्या बोटांना माझ्यातून ती थरथर लागली.

"वाजतंय की," त्या पुटपुटल्या. मग तिथेच, डोके तसेच आत ठेवून, बराच वेळ उभ्या राहिल्या. मला घट्ट धरून.

तेव्हा मला सगळ्याचा उलगडा झाला. ताईंचे कान चालले होते. बारीक सूर आधी गेले होते आणि त्यांच्या मागोमाग भाऊंचे व्हायोलिन निघाले होते. स्वतःच्या पियानोच्या आवाजात त्यांना ते सापडत नव्हते. म्हणून त्या स्वतःचा आवाज कोंडून घेत होत्या. आधी पुस्तकाइतका, मग पुरताच. भाऊंचे जेवढे उरलेसुरले कानावर येईल तेवढे वेचायला. आणि जे कानांना मिळत नव्हते ते त्या डोळ्यांनी घेत होत्या. भाऊंची खुर्ची तिरपी असे. मान किंचित वळवली की ताईंना त्यांचा गज आणि उजवे कोपर दिसे. गज कुठवर आला, कोपर किती उचलले, यावरून त्या सूर कुठे आहे ते ओळखत. इतक्या वर्षांची सवय होती, म्हणून निभावत होते.

हे मला माहीत झाले, आणि सांगणार कोणाला? टेकूला कोणी विचारत नाही.

छोटीला मात्र काहीतरी जाणवले होते. तालमीच्या सुट्टीत ती ताईंसमोर येऊन बसली. "आत्या, तुला बाबांचं व्हायोलिन नीट ऐकू येतं ना?"

ताईंनी तिच्या ओठांकडे बघूनच ते टिपले. मग त्या नेहमीसारख्या फटकन म्हणाल्या, "तुझा बाप एवढा खरडतो, तो ऐकू न यायला काय झालं?"

छोटी हसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. ताई जन्मभर भावाची अशीच थट्टा करत आल्या होत्या, आणि भाऊही त्यावर हसत आले होते. पण त्या वेळी ते पाण्याची बाटली घेऊन दारातून आत येत होते. त्यांनी ते ऐकले आणि ते हसले नाहीत. बाटली खाली ठेवून ते परत बाहेर गेले. ताईंची दाराकडे पाठ होती. कोण आले नि कोण गेले हे त्यांना समजलेही नाही.

मैफलीच्या दिवशी दुपारी शेवटची तालीम होती. भाऊ आले ते तडक पियानोपाशी. त्यांनी स्वतः झाकण उचलले आणि थोरल्या टेकूवर सताड उघडे ठेवले.

ताई म्हणाल्या, "बंड्या, हे काय?"

"आज हे असंच राहील. बघू या तरी, माझा आवाज पोचतो की नाही ते."

"अरे, चौघांच्या मैफलीत कुणी असं उघडतं का?"

"आणि कुणी असं बंद करतं का? मला सांभाळून घ्यायची गरज नाही, ताई. अजून तेवढा गेलेलो नाही मी."

ताईंचे तोंड उघडले. मित्रांनो, त्या सांगणार होत्या. मी त्यांच्या अगदी जवळ होतो, मला ते दिसले. पण तेवढ्यात दार वाजले आणि वाचनालयाचे व्यवस्थापक खुर्च्या मोजायला आत आले, हसतमुखाने सगळ्यांची विचारपूस करत. ताईंनी तोंड मिटले. व्यवस्थापक गेले तेव्हा ती वेळही निघून गेली होती.

शेवटी वहिनींनी तोडगा काढला. "नको तुमचं आणि नको त्यांचं. आखूड टेकू लावा, आजवर लावत आलो तसा. लोक यायच्या आधी भांडण संपवा."

म्हणून मला उभे केले. इतक्या दिवसांनी अंगावर झाकणाचे वजन आले. एरवी मी फुशारलो असतो. त्या दिवशी ते वजन मला नकोसे झाले, कारण पियानो उघडला की ताईंच्या कानांवर काय उरणार होते ते मला ठाऊक होते. आणि भाऊंचा राग तेवढ्यावर भागला नव्हता. आपला आवाज सरळ लोकांपर्यंत जावा म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तोंड प्रेक्षकांकडे केले. आता ताईंच्या जागेवरून त्यांचा गज दिसत नव्हता, कोपर दिसत नव्हते. दिसत होती ती काळ्या कोटाची पाठ.

ताई म्हणाल्या, "खुर्ची होती तशी ठेव ना."

"इथे बरं वाटतंय," भाऊ म्हणाले. ताईंचेच शब्द त्यांनी ताईंना परत दिले.

संध्याकाळी सभागृह भरले. कोटांना बाहेरच्या गारव्याचा वास होता. चौघे व्यासपीठावर आले, वाकले, बसले. भाऊंनी श्वास आत ओढला आणि मैफल सुरू झाली.

पहिला भाग वेगाचा होता. तो पार पडला. ताईंची नजर छोटीच्या चेलोवर खिळलेली होती. छोटी त्यांच्या समोर बसली होती आणि तिचा गज दिसत होता. दुसराही गेला. लोकांना काही वावगे वाटले नसेल. पण मी पियानोच्या आत होतो. तारांवर पडणारा हातोडीचा प्रत्येक ठोका मला कळत होता आणि त्यातला उसना धीरही कळत होता.

तिसरा भाग संथ. त्यात एका जागी बाकी सगळे थांबतात आणि व्हायोलिन एकटे एक लांब ओळ म्हणते. तिचा शेवटचा सूर विरत जातो, आणि तो पुरता विरायच्या आत पियानोने हलकेच तीच ओळ उचलायची असते. हे दोनदा येते. तिथे मोजून भागत नाही. तिथे ऐकावेच लागते.

पहिल्या वेळी भाऊंनी तो शेवटचा सूर लांबवला. नेहमीपेक्षा खूप लांबवला. माझा आवाज कसा पोचतो ते ऐका, असे त्यांना साऱ्या सभागृहाला सांगायचे होते. ताईंना दिसत होती फक्त पाठ. त्यांनी आपल्या अंदाजाने हात टाकला, आणि पियानो भाऊंच्या सुरावर पाय देऊन आत शिरला. सूर तुटला. मागून भाऊंची मान लाल झालेली दिसली. वहिनींचा गज क्षणभर अडखळला. ताईंना छोटीच्या चेहऱ्यावरून समजले की आपले काहीतरी चुकले आहे.

थोड्या वेळाने ती ओळ दुसऱ्यांदा आली. भाऊ रागात होते. तू तोडण्याआधी मीच तोडतो, अशा आवेशात त्यांनी शेवटचा सूर आखूड करून टाकला आणि गज उचलला. आणि ताई एकदा चटका बसला म्हणून या वेळी थांबल्या होत्या.

सभागृहात शांतता झाली. व्हायोलिन संपले होते आणि पियानो येत नव्हता. कोणाची तरी खुर्ची करकरली. कोणी तरी खोकला दाबला. शांतता वाढतच गेली. छोटीने डोळ्यांनी खुणावले, पण ताई तिच्याकडे बघत नव्हत्या.

भाऊंनी मान वळवली. ते रागाने वळले होते, हे मी शपथेवर सांगतो. ओठांवर काहीतरी आलेच होते. मग त्यांनी ताईंना पाहिले.

ताई बैठकीवरून अर्धवट उठल्या होत्या आणि भाऊंच्या पाठीआडचे काही दिसते का म्हणून मान लांब करून बघत होत्या. डावा तळवा त्यांनी पियानोच्या लाकडावर सपाट दाबून धरला होता. उजवा हात पट्ट्यांवर तयार होता. चेहऱ्यावर घाबरगुंडी नव्हती, राग नव्हता. भावाची ओळ ऐकताना त्यांचा चेहरा जसा होई, अगदी तसाच होता तो, मऊ आणि लक्ष देणारा. त्यांच्या लेखी भाऊ अजून वाजवत होते. त्या त्यांचा सूर संपायची वाट बघत होत्या.

मित्रांनो, मी पुष्कळ मैफली पाहिल्या. माणसाचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता, जसा त्या वेळी भाऊंचा उतरला.

ते उठले. भर मैफलीत उठले, खुर्ची धरून गर्रकन फिरवली. तिचे पाय लाकडावर असे करकरले की शेवटच्या रांगेने ऐकले असेल. प्रेक्षकांकडे पाठ करून ते ताईंच्या समोर बसले. गज त्यांनी उंच धरला, लहान मुलाला दाखवावा तसा. श्वास आत ओढला, खांदे वर उचलून ओढला, म्हणजे तो दिसावा. आणि ती ओळ त्यांनी पुन्हा वाजवली. रचनेत ती तिसऱ्यांदा येत नाही, तरी त्यांनी वाजवली. गज टोकापर्यंत गेला, सूर बारीक होत गेला, आणि तो विरण्याच्या जरासा आधी भाऊंनी डोळ्यांनी हो म्हटले. ताईंनी ओळ उचलली.

शेवटपर्यंत भाऊ तसेच वाजवत राहिले, लोकांकडे पाठ करून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी आपापसात कुजबुजही केली. ताईंनी हलणारे हात पाहिले आणि उठून वाकल्या.

सभागृह रिकामे झाले तेव्हा वहिनी आणि छोटी मुद्दाम बाहेर जिन्यापाशी जाऊन थांबल्या. ताई पट्ट्या पुसत होत्या.

भाऊंनी विचारले, "कधीपासून?" ताईंनी मान वर केली नाही. मग ते पियानोला वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि पुन्हा विचारले. "ताई. कधीपासून?"

"तुझा खांदा धरला, त्याच्या आधीपासून. आधी वरचे गेले. आता तुझं बरंचसं जातं."

"मला वाटलं, तू माझी कीव करतेस."

"तुझी कीव करायला मला तुझं ऐकू तर यायला हवं, बंड्या."

भाऊ हसायला गेले, पण ते हसू बाहेर आलेच नाही. "सांगितलं का नाहीस मग?"

ताईंनी फडके घडी करून ठेवले. "तू वाजवू दिलं नसतंस."

भाऊंनी नाही म्हणायला तोंड उघडले. मग मिटले. तसे झालेच असते, हे त्यांना माहीत होते. मलाही होते. ताईंनी झाकण उचलून धरून मला आडवे केले.

त्यानंतर त्या चौघांची मैफल झाली नाही. वाचनालयाच्या मंडळींनी फार सभ्यपणे विषय काढला. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला पियानोवर बसवावे काय, असे विचारले. ताई लगेच हो म्हणाल्या. भाऊंनी दुसऱ्या कोणाबरोबर बसायला नकार दिला. वहिनींनी समजावले, छोटीने समजावले, पण ते हटून बसले.

आता अधूनमधून दुपारी चौघे येतात. श्रोते नसतात. भाऊ रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून ताईंच्या समोर बसतात. झाकण बंद असते, म्हणून मी आत काळोखात पडून असतो. पण आता माझी तक्रार नाही. आत मला सगळे कळते. पूर्वी एका श्वासाने चौघे सुरू होत. आता तीन वाद्ये सुरू होतात आणि चौथे किंचित मागून येते. भाऊ दर खेपेला थोडे अधिक थांबतात.

मित्रांनो, मला पुसा, पॉलिश करा, माझ्या टोकाचे चामडे बदला, हे सगळे मी मागू शकलो असतो. जुन्या वस्तू तेच मागतात आणि त्यात चूक काही नाही. पण मला मागायचे आहे ते वेगळे आहे. तुमच्या घरातले कोणी माणूस एकाएकी गप्प झाले, तुटक वागू लागले, त्याने आपले झाकण मिटून घेतले, तर त्यावर रुसू नका. मनातल्या मनात त्याचा अर्थ लावत बसू नका. त्याच्या समोर जा, त्याला दिसेल असे उभे राहा आणि विचारा. उत्तर टाळले तर पुन्हा विचारा. भाऊंनी विचारले, पण मैफल संपल्यावर विचारले. त्याआधी कितीतरी दुपारी ताई एकट्या इथे येत होत्या आणि दार नुसते लोटलेले असे.

मी लाकडाचा तुकडा आहे. मला विचारता येत नव्हते. भाऊंना येत होते.